सुट्टीच्या आदल्या दिवशी शिकवायचं काय?



मी लष्करातून निवृत्त झालेला माणूस. सिग्नल्समध्ये नोकरी झाली आणि शेवटी महूला घर केलं. महूचं अधिकृत नाव आता डॉ. आंबेडकर नगर. इंदूरपासून जवळ, छावणीचं गाव. शिक्षण म्हणाल तर बी.एस्सी., बी.एड. नाही. गेली काही वर्षं आठवड्यातून दोन दिवस एका प्राथमिक शाळेत तिसरी ते पाचवीच्या मुलांबरोबर बसतो. वर्गात हिंदी बोलणारी मुलं जास्त, थोडी मराठी, थोडी पंजाबी, काही घरी माळवी बोलणारी. मास्तरकी मी मुलांकडूनच शिकलो, तेव्हा आज जे सांगणार ते करून पाहिलेलं सांगणार.

विषय साधा आहे. राखीपासून संक्रांतीपर्यंत शाळेत सुट्ट्यांची रांग लागते. प्रत्येक सुट्टीच्या आदल्या दिवशी मुलांचं मन वर्गात नसतं. मग बहुतेक ठिकाणी दोनांपैकी एक गोष्ट होते. एक तर पणतीचं छापील चित्र वाटतात आणि 'रंग भरा' म्हणतात. नाही तर मोठा कार्यक्रम ठेवतात, त्यात पाच मुलं नाचतात आणि बाकीची टाळ्या वाजवतात. दोन्हीत शिकणं फारसं होत नाही.

तिसरी गोष्ट मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. मी पाहिलेल्या एका शाळेत दिवाळीच्या सुट्टीआधी सूचना गेली की उद्या नवे कपडे घालून या आणि डब्यात फराळ आणा. दुसऱ्या दिवशी वर्ग झकपक दिसत होता. पण पाच-सहा मुलं आलीच नव्हती. सुट्टीनंतर विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर एकच: "सर, पोट दुखत होतं." सगळ्यांची पोटं एकाच दिवशी कशी दुखली, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. सण आपला नाही, आपल्याला परवडणारा नाही, हे मूल आठव्या वर्षी शाळेत शिकलं, तर तो धडा पुसायला फार वर्षं जातात. म्हणून मला हा विषय महत्त्वाचा वाटतो.

फौजेत आम्ही सण कसे करतो ते सांगतो. पलटणीत जवानांचा जो धर्म, त्याच्या मंदिर परेडला अधिकारी हजर असतो. अधिकाऱ्याचा स्वतःचा धर्म कोणताही असो. मिश्र पलटणीत 'सर्वधर्म स्थळ' असतं, एकाच छपराखाली सगळ्यांची जागा. सणाला बडा खाना होतो, तेव्हा अधिकारी आणि जवान एकत्र जेवतात. आणि त्या दिवशी प्रत्येकाच्या वाट्याला काम येतं. कोणी तंबू ठोकतो, कोणी वायरिंग करतो, कोणी पुऱ्या लाटतो. ज्याच्या हाताला काम असतं, त्याला तो सण परका वाटत नाही.

तीच गोष्ट वर्गात आणताना मी तीन नियम ठेवले आहेत. पहिला, घरून पैसे किंवा नवी वस्तू मागवायची नाही. दुसरा, वर्गात पूजा करायची नाही, ती घरी होते. वर्गात मोजायचं, बनवायचं आणि लिहायचं. तिसरा, ज्याच्या घरी तो सण नाही, त्यालाही इतरांइतकंच काम द्यायचं. या तीन नियमांत बसणारे पाच उपक्रम सांगतो.

पहिला, राखीचं पत्र.

पोस्टाचं साधं आंतरदेशीय पत्र घ्या. आजच्या मुलांनी ते पाहिलेलं नसतं. कुठे घडी घालायची आणि कुठे चिकटवायचं, इथपासून सुरुवात होते. पत्र दुसऱ्या गावच्या भावाला, बहिणीला, आजीला, कोणालाही चालेल. मायना, मजकूर, खाली नाव, मग पत्ता. पत्त्यात खरी मजा पिन कोडची असते. हे सहा आकडे भारतात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाले. ते आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते, डाक खात्यात वरिष्ठ अधिकारी होते आणि संस्कृतात कविता करणारेही होते. पहिला आकडा देशाचा मोठा विभाग सांगतो. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा ४. मुलांनी आणलेले पत्ते पहिल्या आकड्याप्रमाणे लावायचे आणि नकाशावर त्या विभागात रंग भरायचा. बघता बघता कोणाचे नातेवाईक कुठे आहेत, याचा सगळ्या वर्गाचा एक नकाशा तयार होतो.

तिसरीतल्या एका मुलाचे वडील सीमेवर होते. फौजी पत्त्यात गावाचं नाव नसतं. नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि पुढे '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ'. तो म्हणाला, "सर, गावाचं नावच नाही. पोस्टमन बाबांना शोधणार कसा?" प्रश्न अगदी रास्त होता. मग वर्गाला सांगितलं की पिनचा ९ हा आकडा फौजेच्या डाकेसाठी राखलेला आहे. पुढची वाट फौजेचं टपाल खातं जाणतं. पलटण आज कुठे आहे हे पाकिटावर लिहिलेलं नसतं, आणि तरीही पत्र पोहोचतं. काही आठवड्यांनी वडिलांचं उत्तर आलं. त्यांनी विचारलं होतं, 'किती उंच झालास? भिंतीला टेकून खूण कर आणि कळव.' त्या दिवशी मग अख्ख्या वर्गाची उंची मोजली. सेंटिमीटर शिकवायला मला वेगळा तास घ्यावा लागला नाही.

दुसरा उपक्रम, दोन सुतळ्यांचं वर्ष.

मुलं दर वर्षी विचारतात की गणपती कधी ऑगस्टमध्ये, कधी सप्टेंबरमध्ये का येतात? आणि ईद दर वर्षी आधी आधी का येते? उत्तर फळ्यावर लिहू नका. सुतळी आणा. ३६५ सेंटिमीटरचा एक तुकडा कापा. एक सेंटिमीटर म्हणजे एक दिवस, हे झालं सूर्याचं वर्ष. मग चंद्राचं वर्ष. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस, असे बारा महिने, म्हणजे ३५४. दुसरा तुकडा ३५४ सेंटिमीटरचा. दोन्ही शेजारी ताणून धरा. उरतात ११ सेंटिमीटर.

आता ११ सेंटिमीटरचे तीन तुकडे कापून एकापुढे एक ठेवा. ३३ झाले. एका चांद्र महिन्याचा साडेएकोणतीसचा तुकडा शेजारी ठेवा. मुलं आपणहून ओरडतात, "सर, यात एक महिना बसतो!" बसतोच. म्हणून आपल्या पंचांगात तीन वर्षं पुरी होण्याच्या आतच, साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी, अधिक महिना घालतात आणि सण पुन्हा आपल्या ऋतूत येतात. हिजरी पंचांगात असा महिना घालत नाहीत, म्हणून ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते आणि साधारण तेहेतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येते.

मग जुनी कॅलेंडरं काढा. रमजान ईद आपल्याकडे बहुतेक ठिकाणी २०२३ साली २२ एप्रिलला, २०२४ साली ११ एप्रिलला आणि २०२५ साली ३१ मार्चला झाली. गणेश चतुर्थी २०२२ साली ३१ ऑगस्टला होती. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि ती १९ सप्टेंबरला गेली. पुढे २०२४ साली ७ सप्टेंबर, २०२५ साली २७ ऑगस्ट. वजाबाकी मुलांनीच करायची. एकाच चंद्रावर दोन पंचांगं कशी चालतात हे त्यांना त्या तारखांत दिसतं.

या तासाला जोडून महिनाभर चंद्राची वही ठेवायची. रोज रात्री जसा दिसला तसा काढायचा. दिसला नाही तर 'ढग' लिहायचं. आमच्या वर्गात या वहीत एक मुसलमान मुलगी सगळ्यांच्या पुढे होती. तिच्या घरी चंद्र पाहणं हा लहानपणापासूनचा सराव. एरवी फार न बोलणारी ती पोरगी महिनाभर सगळ्यांना सांगत होती की कोर पश्चिमेला, सूर्य मावळल्यावर लगेच बघा, उशीर केलात तर बुडते.

या उपक्रमावर तक्रारही आली, ती लपवत नाही. एक आजोबा शाळेत आले. "आमच्या नातवाला ईद कशाला शिकवता?" मी वाद घातला नाही. दोन्ही सुतळ्या त्यांच्या हातात दिल्या आणि अकरा दिवसांचा हिशेब विचारला. आजोबांना पंचांग माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. क्षय तिथी, वृद्धी तिथी, सगळं तोंडपाठ. त्यांना माझं सगळं पटलं, असं मी म्हणणार नाही. पण पुढच्या आठवड्यात अधिक महिन्यावर वर्गात बोलायला ते स्वतः आले, आणि सुतळीचं दुसरं टोक त्या मुलीने धरलं होतं.

तिसरा उपक्रम, दिवाळीचा किल्ला.

महाराष्ट्रात दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करतात. बाहेरच्या राज्यांत वाढणाऱ्या पुष्कळ मराठी मुलांनाही हे माहीत नसतं. मला मात्र किल्ला पाहिला की आमचं सँड मॉडेल आठवतं. फौजेत मोहिमेआधी जमिनीची हुबेहूब प्रतिकृती वाळूत करतात. डोंगर, नाला, वाट, सगळं दाखवतात आणि मग जवानांना कामगिरी समजावतात. मुलांचा किल्ला हे त्याचंच भावंड.

जवळचा किल्ला निवडा. आम्ही मांडू केला, कारण मुलांनी तो पाहिलेला होता. नागपूरच्या मुलांनी रामटेक करावा, तमिळनाडूतल्या मराठी मुलांनी जिंजी करावी. जिंजी शिवाजी महाराजांनी १६७७ साली घेतली. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत अकरा महाराष्ट्रातले आहेत आणि बारावा जिंजी.

माती, दगड, विटांचे तुकडे एवढंच सामान. किल्ला झाला की खरा तास सुरू होतो. एका काडेपेटीवर पेन्सिल आडवी ठेवा आणि टोक मातीला लागेल अशी ती डोंगराभोवती फिरवा. डोंगरावर एक रेघ उमटते. मग दोन काडेपेट्या एकावर एक, दुसरी रेघ. मग तीन. आता मुलांना उभं राहून वरून बघायला सांगा आणि दिसतं तसं कागदावर काढायला सांगा. एकात एक वेडीवाकडी कडी तयार होतात. हाच उंचीचा नकाशा, समोच्च रेषांचा. पाचवीच्या मुलांना हा शब्द घोकायला लावू नका. फक्त विचारा, "गडावर चढायचं तर कुठून चढाल?" एका मुलाने नकाशावर बोट ठेवलं, "इथून नको, इथे रेघा चिकटल्यात, इथे कडा आहे." हे मी तरुणपणी वर्दीत शिकलो होतो. तो चड्डी-सदऱ्यात शिकला.

दुसरा प्रश्न पाण्याचा. "गडावर तीनशे माणसं आहेत, वेढा पडलाय, पाणी कुठे साठवाल?" प्रत्येकाला दिवसाला पाच लिटर धरा, किती दिवस पुरेल ते काढा. मग मांडूचा जहाज महाल दोन तलावांच्या मधे आहे हे सांगितलं की मुलांना ते ऐकल्यासारखं वाटत नाही, आपणच शोधल्यासारखं वाटतं.

चौथा, संक्रांतीची सावली.

यासाठी एक मीटरची सरळ काठी लागते. अंगणात सपाट जागी ती उभी करा आणि ओळंबा लावून नीट सरळ आहे ना ते पाहा. दुपारी सव्वाबारा ते पाऊण दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूने खूण करा. सगळ्यांत आखूड सावली ही त्या दिवसाची खरी मध्यान्ह. महूला ती बाराला होत नाही, साडेबाराच्या आसपास होते, कारण आपली घड्याळं पूर्वेकडच्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेली आहेत आणि महू त्याच्या बरंच पश्चिमेला आहे. गाव जितकं पूर्वेला, तितकी ही वेळ लवकर येते, हे ध्यानात ठेवून आपापल्या गावची वेळ धरा.

२२ डिसेंबरच्या सुमारास सुरुवात करा आणि शाळा असेल त्या दिवशी मोजत राहा. महूच्या हिशेबाने १ मीटर काठीची सावली २२ डिसेंबरला सुमारे १०४ सेंटिमीटर भरते, १४ जानेवारीला सुमारे ९६ आणि २१ मार्चला सुमारे ४२. मुलांचे आकडे दोन-तीन सेंटिमीटरने इकडेतिकडे होतील, होऊ द्या. आकडे तक्त्यावर भरताना कोणीतरी हमखास विचारतं, "सर, संक्रांतीपासून दिवस मोठा होतो म्हणतात, पण सावली तर आधीच आखूड होऊ लागली!" या प्रश्नासाठीच मी काठी लावतो. सूर्य उत्तरेकडे वळतो तो डिसेंबरच्या २१-२२ला. मकर संक्रांत मोजतात ताऱ्यांवरून. साधारण सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकाच सुमारास येत असत. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डोलतो, एका डोलण्याला सुमारे २६,००० वर्षं लागतात, म्हणून ही दोन टोकं हळूहळू लांब गेली. एक भोवरा फिरवून दाखवा, तिसरीच्या मुलाला तेवढं पुरतं.

आपण वेगवेगळ्या राज्यांत राहतो, याचा इथे मोठा फायदा आहे. त्याच दिवशी एक मीटर काठीची सावली पुण्याला सुमारे ९० सेंटिमीटर, तंजावरला ६८ आणि दिल्लीला १२८ भरते. मुलांनी मामे-मावसभावंडांना फोन करून त्यांचे आकडे मागवावेत. पृथ्वी गोल आहे हे पुस्तकातलं वाक्य मग आत्याच्या फोनवरून येतं. आकड्यांबरोबर सणाचं नावही विचारायला सांगा. गुजरातेत उत्तरायण, तमिळनाडूत पोंगल, आसामात माघ बिहू, पंजाबात आदल्या रात्री लोहडी, कर्नाटकात तीळगुळासारखंच एळ्ळु-बेल्ल.

तिळगूळही गणितच आहे. अर्धा किलो तीळ, अर्धा किलो गूळ, मिळून एक किलो. २५ ग्रॅमचा एक लाडू, तर किती लाडू? चाळीस. वर्गात बत्तीस मुलं असली तर आठ उरतात, ते कोणाला द्यायचे हे मुलं ठरवतात. आमच्या मुलांनी शाळेत स्वयंपाक करणाऱ्या ताईंना पहिले दोन दिले, कारण पाक त्यांनीच केला होता. गरम पाकाजवळ मुलांना जाऊ देऊ नका. त्यांनी वजन करावं आणि वाटावं. कोणाला तीळ किंवा शेंगदाणा सोसत नाही ना, ते मात्र आधी विचारा.

पाचवा आमच्या गावचा खास, १४ एप्रिल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूला झाला. जयंतीला इथे देशभरातून माणसं येतात, आणि त्यांत महाराष्ट्रातली फार मोठ्या संख्येने असतात. मोठी माणसं बरोबर घेऊन मुलांचे गट जातात आणि आलेल्या लोकांना दोनच प्रश्न विचारतात: कुठून आलात, आणि प्रवासाला किती तास लागले? वहीत चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, अशी मोजणी. दुसऱ्या दिवशी शाळेत नकाशावर टाचण्या आणि स्तंभालेख.

इथे भाषेचंही काम होतं. माझ्या हिंदी बोलणाऱ्या मुलांना आदल्या दिवशी एक मराठी वाक्य शिकवतो: "काका, तुम्ही कुठून आलात?" नांदेडहून, अकोल्याहून रात्रभर गाडीत बसून आलेल्या माणसाला छावणीतलं पोर मराठीत विचारतं, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. आणि वर्गातली जी दोन-तीन मराठी मुलं एरवी घरची भाषा शाळेत लपवतात, ती त्या दिवशी गटाची पुढारी होतात. तुमच्या गावात असा दिवस कोणता, ते तुम्ही शोधा. उरूस असेल, जत्रा असेल, नाताळची मिरवणूक असेल. बाहेरगावचे लोक येतात तिथे भूगोल आपल्या पायांनी चालत येतो.

आता शिक्षक मंडळींचा नेहमीचा प्रश्न: "सर, अभ्यासक्रम कधी संपवायचा?" लांबी, वजन, वजाबाकी, भागाकार, नकाशा, पत्रलेखन, माहिती गोळा करून मांडणं, यांतलं तिसरी ते पाचवीच्या पुस्तकाबाहेरचं काय आहे? एवढंच करा, उपक्रम ठरवताना पुस्तकातला धडा आधी उघडा आणि सण त्याला जोडा. सण आधी धरून मग त्यात धडा शोधायला गेलात, तर पुन्हा पणतीत रंग भरणं सुरू होईल.

शेवटी फौजेची एक सवय सांगतो. कामगिरी संपली की सगळे बसतात आणि तीन गोष्टी बोलतात. काय ठरलं होतं, काय झालं, पुढच्या वेळी काय बदलू. मुलांबरोबर पाच मिनिटं हे करा, आणि पहिल्यांदा बोलायची संधी मागच्या बाकावरच्याला द्या. त्यातून जे कळतं ते कोणत्याही प्रगतिपुस्तकात येत नाही. आणि दुसऱ्या दिवशी हजेरीपट घेऊन एक गोष्ट मात्र न चुकता पाहा. सणाच्या उपक्रमाच्या दिवशी कोण आलं नव्हतं? नाव मिळालं की त्याच्या घरी जा, आणि पुढच्या सणाचं पहिलं काम त्याला द्या.

पाचही उपक्रम एकदम करू नका. एकच निवडा. येत्या डिसेंबरात शाळेच्या अंगणात एक मीटरची काठी उभी करा, खर्च शून्य. आकडा मिळाला की गावाचं नाव लिहून या व्हिडिओच्या खाली टाका. आमची मुलं दिल्ली आणि तंजावरच्या मधली सगळी गावं भरायला टपून बसली आहेत.

जय हिंद.